कॅप्टन नणंद रजेवर आली की

सासूच्या जाचाबद्दल सगळ्याच बायका बोलतात. पण फौजेतली नणंद रजेवर घरी येणे म्हणजे काय, हे अख्ख्या वसमतमध्ये एकटी मीच सांगू शकते. बायकांना अधिकारी म्हणून घ्यायला नुकती सुरुवात झाली, तेव्हाच ती भरती झाली आणि पुढे कॅप्टन झाली. तिकडे तिच्या हाताखाली जवान असत. रजेत मात्र मीच.

रिक्षातून उतरल्यावर ट्रंक आत जायच्या आधी ती माळ्यावर चढे आणि दुपारपर्यंत आमचा माळा अंगणात आलेला असे. तो परत वर नेता नेता माझी कंबर मोडे. शिवाय तिकडे जवानांचे तपासावेत तसे इथे माणसांचे पाय तपासण्याचे तिला वेड होते. पाहुणा असो की दूधवाला, "चप्पल काढा, टाचा दाखवा!" एकदा आमच्या जिल्ह्यातल्याच गोरेगावहून आलेल्या मामांनी मिशीवर हात फिरवत विचारले, "काहून गं, बाईमाणसाचं ऐकतेत का फौजेतले लोक?" ती त्यांच्याच भेगांना मलम चोळत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमी ऐकूनच राहिले की, मामा. आता उजवा पाय द्या." मामांनी मुकाट्याने दिला.

लोक तिचे का ऐकतात, हे मला कळले ते हळद शिजवण्याच्या दिवसांत. शेतात कढईतले उकळते पाणी उसळले आणि चंद्रभागा नावाच्या मजूरबाईच्या पायावर सांडले. कुणी माती लावा म्हणे, कुणी शाई. सासरे मुकादमावर ओरडत होते, मुकादम बायकांवर. नणंद ओरडली नाही. चंद्रभागेला हौदाच्या कट्ट्यावर बसवून तिने पायावर गार पाणी सोडले आणि एकेकाला नावाने काम सांगितले. "कोंडबाराव, जीप काढा. सुमन, धुतलेलं लुगडं आण. आबा, तुमी हिचं लेकरू धरा." स्वतःची पोरे कधी कडेवर न घेतलेले आमचे सासरे ते रडके लेकरू घेऊन बांधावर येरझाऱ्या घालू लागले.

"बाई, पाय ऱ्हाईल न्हवं माझा?" चंद्रभागेने जीपमध्ये विचारले.

"राहील. पण लई दुखंल. मी हाय तुझ्यासंगं."

दवाखान्यात मलमपट्टी होईपर्यंत तिने चंद्रभागेचा हात सोडला नाही. आम्ही दोघी शेतावर परत आलो, तर बाकीच्या बायका भिऊन कढईजवळ जाईनात. ती त्यांना रागावली नाही. पाणी ज्या उताराकडे सांडले, ती बाजू तिने दगड लावून बंद केली आणि पदर खोचून स्वतः कढईशी उभी राहिली. थोड्या वेळाने सुमन गेली, मग दुसरी, मग कुरकुरत मीही. उन्हाळा सरता सरता चंद्रभागा चालायला लागली.

पुढे नणंद मेजर झाली. पण तेव्हा तिच्या शाखेत बायकांना कायम ठेवत नसत. मुदत संपली आणि ती घरी आली. त्या दुपारी ती नुसतीच माझ्याजवळ ओसरीवर येऊन टेकली.

"लई चांगलं काम केलं म्हणले, वहिनी," ती म्हणाली. "हार घातला, फोटो काढला. मग जा म्हणले."

तिने माझ्या खांद्यावर डोके ठेवले आणि डोळे मिटले. आतून चहासाठी हाका येत होत्या. माझ्या हाताला मुंग्या आल्या, मग तो पार बधिर झाला. पण मी हलले नाही.