जुना खेळ लावू की नवा?

आमच्या घरात भांडण कशावरून होईल याचा नेम नाही. जमिनीवरून झालं नाही, वाटणीवरून झालं नाही, माझ्या लग्नात मानपानावरूनसुद्धा झालं नाही. चाळिशीला टेकलेली मी आणि माझ्याहून मोठा माझा दादा, आम्ही दोघं एकमेकांवर रुसून बसलो ते कॉम्प्युटरवरच्या एका बंदुकीच्या खेळावरून. तो म्हणायचा जुनं व्हर्जन, मी म्हणायचे नवं. हसायचं असेल तर हसून घ्या, माझा नवराही हसला होता.

हा खेळ आमच्याकडे आला तो दादामुळे. कॉलेज अर्धवट सोडून तो सोलापुरातल्या एका सायबर कॅफेत कामाला लागला होता. दुपारी जेवणं झाली की आमचं सोलापूर झोपतं. उन्हाळ्यात तर रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. कॅफेचे मालकही घरी जाऊन आडवे व्हायचे आणि किल्ली दादाकडे असायची. शटर अर्धं ओढायचं, कुलर लावायचा आणि शेजारशेजारच्या दोन कॉम्प्युटरवर आम्ही बसायचं. घरी सांगायचं, दादाचा डबा द्यायला चाललेय. द्यायचेच की मी डबा, खोटं कुठं होतं त्यात? फक्त डबा देऊन परत यायला चार वाजायचे.

खेळ साधा. एक गाव, दोन टोळ्या. एकीनं बॉम्ब लावायचा, दुसरीनं तो निकामी करायचा. मेलात तर त्या डावापुरते मेलात, गप बसून बाकीच्यांचं बघायचं. पहिल्या दिवशी मी आकाशाकडे तोंड करून सगळ्या गोळ्या संपवल्या. दादा पोट धरधरून हसला. "ए बये, कावळे मारायलीस काय?" मग मात्र त्यानं मला नीट शिकवायला घेतलं. त्याचं म्हणणं असं की, समोर दिसतो त्याला कुणीही मारतं, दिसायच्या आधी ओळखायला पाहिजे. हेडफोन माझ्या कानाला लावून तो मला डोळे मिटायला सांगायचा. "सांग, कुठून यायलाय?" लाकडी जिन्यावरचं पाऊल वेगळं, पत्र्यावरचं वेगळं, खडीवरचं वेगळं. मला त्यातलं फार थोडं कळायचं. त्याला भिंतीपलीकडे कुणी बंदुकीत गोळ्या भरल्या तरी तो माणूस किती लांब आहे ते कळायचं. संध्याकाळी येणारी पोरं त्याच्याविरुद्ध बसायला नको म्हणायची. "हा बघून खेळतच नाही बे, ऐकून खेळतोय," म्हणायची. काय अभिमान वाटायचा मला! वर्गात कुणाचा भाऊ कबड्डीत, कुणाचा क्रिकेटमध्ये, माझा ह्यात. सांगायची मात्र सोय नव्हती. पोरीच्या जातीनं भरदुपारी शटरच्या आत बसून बंदूक चालवायची म्हणजे काय, घरच्यांनी तंगडं मोडलं असतं.

पुढं सगळ्यांच्या हातात मोबाइल आले आणि कॅफे बंद पडला. दादा टॉवेलच्या कारखान्यात लागला आणि हळूहळू जॉबर झाला. जॉबर म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करणारा. एकदा मी त्याला भेटायला आत गेले होते. ते सगळे माग एकदम चालतात ना, त्या आवाजात बाजूच्या माणसाच्या कानाला तोंड लावल्याशिवाय एक शब्द पोचत नाही. घरी आले तर संध्याकाळपर्यंत माझं डोकं घुमत होतं. "तुम्ही लोक कानात बोळे का घालत नाही?" मी विचारलं. "सवय होती की," दादा म्हणाला, आणि तो विषय तिथंच संपला.

मी पुण्याला बँकेत लागले, तिथंच लग्न झालं. पुण्यात कुणाला 'काय बे' म्हणायची चोरी. एकदा सासूबाईंच्या देखत तोंडातून निघून गेलं तर त्या दोन दिवस माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं बघत होत्या. तर असं सगळं बदललं, पण रविवारची दुपार बदलली नाही. जेवणं उरकली की तो सोलापुरातून आणि मी पुण्यातून, तोच जुना खेळ. माइक लावून बोलायची सोय होती, पण दादा लावायचा नाही. त्याची गरजही पडायची नाही. खेळातल्या गावाचा पूल त्यानं धरायचा, दार मी धरायचं, हे ठरलेलं. इतक्या वर्षांत तिथली प्रत्येक पेटी आणि प्रत्येक कोपरा त्याला पाठ होता. डाव सुरू झाल्यावर कोण कुठून कधी येणार, हे तो घड्याळ न बघता सांगू शकला असता. आणि आठवडाभर बँकेत लोकांची बोलणी खाऊन आलेल्या मला ती दुपार म्हणजे माहेरच होतं.

मग नवं व्हर्जन आलं. काय सांगू तुम्हाला, मी तर खुळीच झाले. पाण्यात आकाश दिसत होतं, धूर खरा वाटत होता, गोळी लागली की भिंतीचा गिलावा उडत होता. गाव तेच ठेवलं होतं, पण भिंती सरकवल्या होत्या, नवे दरवाजे पाडले होते. मी लगेच दादाच्या मागे लागले. "जुनं बरं आहे," तो म्हणाला. मी म्हटलं, "तुझा कॉम्प्युटर चालत नसेल तर भाऊबीज उलटी करू, मी घेऊन देते." त्याला ते लागलं असणार. त्यानं स्वतःच नवा कॉम्प्युटर घेतला आणि पुढच्या रविवारी आला.

आला आणि मेला. दुसऱ्या डावातही मेला, तिसऱ्यातही. दर वेळी पाठीमागून. माणूस धाडधाड पळत येत होता आणि दादा पुढं बघत उभा. मी लिहून पाठवलं, "झोपलायस काय बे?" त्याच्या पुढच्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी लाइट गेली म्हणाला, मग जादा ड्यूटी लागली म्हणाला, मग काही म्हणालाच नाही. मलाही राग आला. एवढा काय तो हट्ट! जुन्याला चिकटून बसायचं तर बस म्हणावं.

फोनवर तर आणखीच. मी विचारावं, "पोरांची परीक्षा कधी आहे?" हा म्हणणार, "बरं चाललंय." मी म्हणावं, "ह्यांची बदली व्हायचं चाललंय," हा म्हणणार, "हां हां, चांगलं झालं." आणि लगेच "ठेवतो मग." दोन मिनिटं बोलेल तर शपथ. मी नवऱ्यापाशी रडले. म्हटलं, माहेर तुटलं माझं. लग्न झालेली बहीण जड झाली त्याला.

जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला सोलापूरला गेले ती मनात हे सगळं घेऊनच. जत्रेच्या गर्दीत विचारायला जमलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पोरं बाहेर गेली, वहिनी भांडी घासत होती, आणि मी दादाला म्हटलं, "लाव ते नवं. माझ्यासमोर खेळून दाखव, बघू तरी काय अडतंय तुझं." तो नको नको म्हणत बसला. शेवटी त्यानं हेडफोन घातले, मी शेजारी खुर्ची ओढली.

आवाज इतका मोठा ठेवला होता की हातभर अंतरावर मला सगळं ऐकू येत होतं. पाठीमागून कुणीतरी जिना उतरत होतं. खड, खड, खड. लाकडी जिना. मग फरशी. माझ्यासारखीला कळलं, तर दादाला कळायलाच पाहिजे. तो पुढंच बघत होता. मी म्हटलं, "मागं." तो हलला नाही. मी ओरडले, "दादा, मागं बघ!" गोळी लागली, स्क्रीन लाल झाली आणि दादा आपल्याशीच म्हणाला, "आयला, हा कुठून आला?"

मी हेडफोन काढून माझ्या कानाला लावले तर कानठळ्या बसल्या. "किती दिवस झाले?" मी विचारलं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, ओठांकडे. मग मान वळवून म्हणाला, "काय किती दिवस? काही नाही."

वहिनी सांगोल्याकडची. सरळ बाई. राखेचे हात तसेच घेऊन ती दारात आली. "मी सांगून सांगून दमले वन्सं. उलट माज्यावरच खेकसत्यात. दार वाजलेलं कळत न्हाय, कुकर शिट्ट्या मारून मारून करपतोय, टीव्ही लावला की शेजारी भिंत वाजवत्यात. तुमाला कळवू नगं म्हणून पोरांची आन घातलीया."

"तू आत जा गं," दादा म्हणाला. केवढ्यानं म्हणाला! इतके दिवस मला वाटायचं वयानं तापट झालाय. बिचाऱ्याला आपलाच आवाज पुरत नव्हता.

मग मी भांडले. रडत रडत भांडले. समोर बसून, एकेक शब्द सावकाश म्हणत भांडले, असं भांडलं की भांडणातलं अर्धं अवसान निघून जातं. म्हटलं, मला वाटलं मी तुला नकोशी झाले. तो म्हणाला, "खुळी का काय तू? जुन्यात ऐकू येवो न येवो, मला तिथलं सगळं ठाऊक होतं. तुझ्यासोबत टिकत होतो. नव्यात मी तुझ्या पायातलं लोढणं झालो. तुला ते कळलं असतं म्हणून यायचं सोडलं." आणि कारखान्याचं काय, विचारलं तर म्हणाला, "मागावर हात ठेवला की कळतंय मला काय बिघडलंय. मालकाला कळलं तर जॉबर बहिरा झाला म्हणून कुणाकुणाला सांगेल. ते नको."

शेवटी सौदा ठरला. मी म्हटलं, मी नवं सोडते, जन्मभर जुनं खेळते, पण तू कान दाखवायचे. त्यानं मान हलवली. आमच्या दादाची मान ती, हलली म्हणजे झालं असं नाही. होळी गेली, पाडवा गेला, वहिनीनं दोनदा भाकरी थापायचं बंद केलं, तेव्हा कुठं तो डॉक्टरांकडे गेला.

मी मात्र माझा शब्द पाळला. दर रविवारी जुनं लावलं. आणि गंमत बघा, त्याच्यासाठी म्हणून गेलेली मी तिथं पुन्हा अडकले. त्या ओबडधोबड पेट्या, पिवळट भिंती, पुठ्ठ्याचं असावं तसं आभाळ. डाव सुरू झाला की मला कुलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास यायचा. शटरखालून आत येणारी उन्हाची पट्टी दिसायची, डब्यातली आमटी हेडफोनच्या वायरवर सांडली म्हणून दादानं घातलेली शिवी आठवायची. पाण्यात आकाश दिसणाऱ्या त्या नव्यात असलं काही नव्हतं. मला खरंच वाटायला लागलं, आता राहू दे असंच.

कानाचं मशीन आलं तेव्हा पहिले काही दिवस दादा वैतागला होता. भांडी वाजतात, पंखा वाजतो, वहिनीच्या बांगड्या वाजतात, कागद फाडला तरी डोक्यात जातंय म्हणायचा. वहिनीनं त्याला बजावलं, "बांगड्या मी न्हाय काढायची, तुमी सवय करा." आणि मग एका रविवारी त्याचा निरोप आला, "नवं लाव."

मी म्हटलं, "नको की, जुनंच बरं आहे." आता घ्या! इतकं रामायण करून मीच जुन्याच्या बाजूला. त्यानं फोनच केला. "लाव म्हणतो ना. त्या जुन्यात आपण दोघं गप बसून राहतो. इथं काहीच पाठ नाही, बोलावं लागतंय, तू बोल." मी लावलं.

मशीनवर हेडफोन दाबले की शिट्टी वाजते, त्यात त्याचा बराच वेळ गेला. पहिल्यांदाच त्यानं माइक लावला होता. खेळाचं म्हणाल तर आमची अगदी धूळधाण उडाली. दोघंही लगोलग मेलो आणि डाव संपायची वाट बघत बसलो. मी बडबडत होते. शेजारीण कशी भांडली, ह्यांची बदली कशी रद्द झाली, लिंबाचं लोणचं कसं नासलं. दादाचा आवाज नाही. मला वाटलं मशीन बंद पडलं.

"दादा, ऐकू येतंय ना रे?"

"येतंय," तो म्हणाला. "तुझा आवाज बदललाय गं."

"माइकमुळं असेल."

"माइकचं नाही ते. माझ्या डोक्यात तुझा लग्नाआधीचाच आवाज होता. फोनवर काही कळायचं नाही, तर मी तोच लावून घेत होतो. आईसारखा यायलाय. डिट्टो. बोलत राहा, थांबू नको."

आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिचा आवाज कशात भरून ठेवायचं आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं. इतका वेळ अखंड बडबडणारी मी, आता बोल म्हटल्यावर माझ्या तोंडून एक शब्द फुटेना. शेवटी जे सुचलं ते विचारलं, "जेवलास का रे?"

तिकडं तो रडायला लागला आणि इकडं मी.