आयँथी मॅनेजर झाली

कॅरिबियन समुद्रातल्या कॅरियाकू बेटावर सुट्टीला येणाऱ्या माणसाला काही करायचं नसतं. झुल्यात पडायचं, रम प्यायची, उन्हं उतरली की समुद्रात डुंबायचं आणि बेट किती निवांत आहे ते एकमेकांना सांगायचं. त्यांना काही करावं लागू नये म्हणून आयँथी क्वाशी एकतीस वर्षं कोंबड्याआधी उठली. वाळूवरच्या बारा खोल्यांच्या हॉटेलात ती चादरी बदलायची, मोऱ्या घासायची, फरशीवर आलेली वाळू दिवसातून तीनदा झाडायची. नवरा लवकर गेला. एकुलती मुलगी व्हर्लिन सोळा वर्षांची झाली, तेव्हा आयँथीने तिला इंग्लंडला, हडर्सफील्डला आत्याकडे पाठवलं. अर्धं बेट तिथंच आहे. पोरीच्या हातात आपला झाडू जायला नको, एवढाच तिचा हट्ट होता.

गुडघे बोलायला लागले तेव्हा आयँथीने काम सोडलं आणि आपल्या जागी शेजारच्या वाडीतली शर्मेन लावून दिली. चादरीचा कोपरा कसा दुमडायचा, पाहुण्याची वस्तू उचलून पुसून जिथल्या तिथं कशी ठेवायची, सगळं तिनेच शिकवलं. शर्मेन तिला टँटी म्हणायची, सख्ख्या मावशीला म्हणावं तसं. दर गुरुवारी कामावरून सुटली की ती पाव घेऊन यायची, आणि दोघी पायरीवर बसून हॉटेलातल्या पाहुण्यांवर पोट धरून हसायच्या. म्हातारपणी आयँथीला एवढं एकच माणूस होतं.

इंग्लंडला गेल्यावर बावीस वर्षांनी व्हर्लिनने कळवलं की ती येतेय. गोरा नवरा नायजेल आणि नऊ वर्षांची फीबी, दहा दिवसांसाठी. आयँथीने मागची खोली रंगवून घेतली. गाद्या उन्हात टाकल्या, नवे पडदे शिवले. पावसाच्या पाण्याची टाकी अर्धीच होती, म्हणून महिनाभर स्वतः मोजून आंघोळ केली. आदल्या दिवशी व्हर्लिनचा फोन आला. हॉटेलात खोली घेतलीय म्हणाली. नायजेलला उकाडा सोसत नाही, फीबीला डास चावले की गांधी उठतात, आणि तुला उगाच त्रास कशाला. कुठलं हॉटेल ते आयँथीने विचारलंच नाही. वाळूवरचं ते एकच होतं.

धक्क्यावर बोट लागली तेव्हा मुलीने तिच्या गालाला गाल लावला आणि सामान मोजायला वळली. पुढचे तीन दिवस कुणी घराकडे फिरकलं नाही. प्रवासाचा शीण आहे, आयँथी शेजारणींना सांगत राहिली. चौथ्या दिवशी बोलावणं आलं, हॉटेलात जेवायला ये म्हणून. आयँथीने चर्चला जायचा निळा झगा घातला, टोपी घातली. सवयीने पाय मागच्या दाराकडे वळले होते. ते तिने पुढच्या दाराकडे आणले. आत खुर्चीवर बसताना तिला चोरी केल्यासारखं वाटलं. इतक्या वर्षांत त्या खुर्च्या तिने फक्त पुसल्या होत्या.

नायजेल भला माणूस होता. तिच्यासाठी खुर्ची ओढली, सरबत मागवलं आणि मोठ्या कौतुकाने म्हणाला, "व्हर्लिन नेहमी सांगते, हे हॉटेल तुम्हीच चालवत होता. मालक नुसता नावाला. माझ्या आईला तर तुम्हाला भेटायची फार इच्छा आहे."

आयँथीने मुलीकडे पाहिलं. व्हर्लिन पदार्थांच्या यादीत डोकं खुपसून बसली होती. लग्न झाल्यापासून पोरीने हे सासरी सांगितलं असणार, आणि आता आई तोंड उघडेल या भीतीने तिचा जीव टांगणीला लागला होता. आयँथीने सरबताचा घोट घेतला. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

तेवढ्यात धुतलेल्या चादरींचा गठ्ठा घेऊन शर्मेन जवळून गेली. टँटीला पाहुण्यांच्या टेबलावर बघून तिचा चेहरा फुलला. ती थांबली आणि नायजेलकडे बघून म्हणाली, "साहेब, यांना चांगलं खाऊ घाला. या फरशीवर आयुष्यभर गुडघे टेकलेत यांनी. मोरी घासावी तर आमच्या टँटीनेच."

नायजेल गोंधळला. "मोरी?"

"मम्मी सगळ्यांवर देखरेख करायची," व्हर्लिन घाईने म्हणाली. "कधी कधी स्वतः करून दाखवावं लागतं ना. हो की नाही, मम्मी?"

तिच्या डोळ्यांत जी विनवणी होती, ती आयँथीने शेवटची पाहिली होती धक्क्यावर, सोळा वर्षांच्या पोरीच्या डोळ्यांत. तेव्हा ती मला पाठवू नकोस म्हणत होती, आणि तेव्हा आयँथीने ऐकलं नव्हतं.

ती शर्मेनकडे वळली. "पाहुणे जेवत असताना मधे बोलायचं नाही, हे शिकवलं होतं ना तुला? जा, काम बघ आपलं."

शर्मेन म्हणाली, "हो, मॅडम," आणि गठ्ठा सावरून निघून गेली.

"बॉस कोण होतं ते कळतंय हं अजून," नायजेल हसत म्हणाला. टेबलाखाली व्हर्लिनने आईचा हात घट्ट धरला. आल्यापासून तिने आपणहून आईला हात लावला तो पहिल्यांदाच. आयँथीने पुढ्यातला मासा खाल्ला. त्याची चव तिला आठवत नाही.

जायच्या आदल्या दिवशी मंडळी तासभर घरी आली. फीबीने शेळ्यांचे फोटो काढले. टाकीतलं पाणी कुणी प्यायलं नाही, बाटल्या सोबत आणल्या होत्या. नवे पडदे छान आहेत, असं नायजेल म्हणाला. निघताना व्हर्लिनने आईला सांगून टाकलं की पुढच्या वर्षी बहुतेक बार्बाडोसला जाऊ, इथं फीबीला करण्यासारखं काही नाही. त्या दिवशीच्या जेवणाबद्दल मायलेकींत एक शब्द झाला नाही.

गुरुवार आला. शर्मेन आली नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. तेव्हा आयँथीने शंखाच्या मांसाचं कालवण केलं, मक्याच्या पिठाचा घट्ट कुकू थापला आणि डबा घेऊन टेकडी चढली. गुडघ्यांना ती चढण झेपत नव्हती. शर्मेन अंगणात कपडे वाळत घालत होती. तिने डबा घेतला, बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं.

"रागावलीस?" आयँथीने विचारलं.

"राग कसला, टँटी. पाहुण्यांसमोर आपण दिसायचं नसतं, हे तुम्हीच शिकवलंत. चूक माझी झाली." शर्मेनने एक चादर झटकली. "तुम्ही पाहुण्या झालात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

पोरगी माझी आहे गं, तिची लाज राखली, एवढं आयँथीला म्हणायचं होतं. पण शर्मेनलाही आई होती. ती आत चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. आयँथी पाणी पिऊन उठली. डबा दुसऱ्या दिवशी घासून-पुसून परत आला, कुणाच्या तरी हाती.

शर्मेनने कुणाकडे ब्र काढला नाही. पण त्या दिवशी सरबत आणणारा वाढपी गप्प बसणाऱ्यातला नव्हता. आठवड्याच्या आत रमच्या दुकानात गोष्ट पोचली. आता आयँथी रस्त्याने निघाली की बाकावरचे म्हातारे टोप्या काढतात आणि विचारतात, "काय मॅनेजरबाई, खोली आहे का रिकामी?" पहिल्यांदा तिने शिव्या घातल्या. मग नुसतं ऐकून घ्यायला लागली. आता तर नव्या पोरांना तिचं खरं नावही ठाऊक नाही. मॅनेजरबाई म्हणून हाक आली की ती थांबते आणि वळून बघते.