बसयूनीचं कोलन

इजिप्तमधल्या दमनहूरला स्टेशनामागे उस्ता बसयूनीचं सलून आहे. बसयूनीला बावीस वर्षं कोलन होतं. कोलन म्हणजे मोठं आतडं, ते सगळ्यांनाच असतं; पण आमच्या गावात हे कोणाला सांगून पटत नाही. पोट फुगलं की कोलन, गुरगुरलं की कोलन, धाकट्या भावाने बापाची जमीन परस्पर विकली की कोलन. डॉक्टर लोक ‘चिडकं कोलन’ म्हणतात. त्यातला चिडकेपणा लोकांनी स्वतःकडे ठेवला आणि दुखण्याला नुसतं कोलन म्हणू लागले.

बसयूनीचं मात्र रीतसर तपासलेलं होतं. त्याच्या जोरावर तो नावडत्या लग्नांना जात नसे आणि सासुरवाडीला मुक्काम करत नसे. तोंडाला साबण लावलेल्या गिऱ्हाइकाने पोटाची तक्रार काढली, की वस्तरा थांबवून म्हणायचा, “कोलन आहे. मनावर घेऊ नकोस.” बावीस वर्षांत त्याने अर्ध्या गावाला हे दुखणं फुकट वाटलं.

वसंताच्या सणाला त्याने खारवलेली मासळी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी शौचाला रक्त पडलं. मासळीने कोलन खवळलं, असा त्याने निकाल दिला. मासळी केव्हाच पचली, रक्त चालूच राहिलं. तो औषधवाल्याकडे जाऊन म्हणाला, “कोलन खवळलंय.” औषधवाल्याने गोळ्या दिल्या. मग गल्लीतल्या डॉक्टरकडे जाऊन म्हणाला, “जुनं कोलन आहे.” त्यानेही त्याच गोळ्या दिल्या, फक्त महागातल्या. रक्ताचं कोणी विचारलं नाही, कारण बसयूनी काय होतंय ते सांगतच नव्हता. नुसतं नाव सांगत होता.

त्याच्या पट्ट्याला दोन नवी भोकं दिसली ती बायकोला, इन्शिराहला.

“अहो नवालचे बाबा, हे काय?”

“उन्हाळा आहे.”

“उन्हाळ्यात माणूस आटतो होय? चप्पल घाला.”

मोठ्या इस्पितळात डॉक्टर रीम बसल्या होत्या, नवालच्याच वयाच्या. त्यांनी विचारलं, “काय त्रास होतो?”

“कोलन.”

“पुन्हा तो शब्द काढलात तर इथेच बोंब मारीन,” इन्शिराह म्हणाली. “होतंय काय ते सांगा बाईंना.”

बसयूनीने मान खाली घातली. पोरीच्या वयाच्या बाईसमोर हे सांगायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. अखेर जमिनीकडे बघत तो म्हणाला, “रक्त पडतं. तीन महिने झाले.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “काका, चिडक्या कोलनमुळे रक्त पडत नाही. ते जन्मभर छळतं, पण त्याचा कॅन्सर होत नाही. म्हणून ते असलेल्याला कॅन्सर होणारच नाही, असं मात्र नसतं.”

“पण माझं तपासलेलं आहे!”

“कधी?”

बसयूनीने इन्शिराहकडे पाहिलं. “बावीस वर्षं झाली,” ती म्हणाली.

दुर्बीण घालून पाहिलं, गाठ निघाली. कॅन्सरच होता. बसयूनी भयंकर घाबरला. ऑपरेशनच्या सकाळी त्याने नर्सबायांच्या देखत बायकोचा हात धरला, तो आत नेईपर्यंत सोडला नाही. वीतभर आतडं गेलं. ‘वेळेवर आलात’ असं डॉक्टर म्हणाल्या नाहीत. ‘आलात’ एवढंच म्हणाल्या.

तीन महिन्यांनी बसयूनी सलूनमध्ये उभा राहिला. खुर्चीत पावाच्या भट्टीवाला शिहाता होता, अर्धी दाढी झालेला.

“काय निघालं मग, उस्ता?”

“कोलन.”

“एवढंच ना! मग आम्ही उगीच घाबरलो. मलाही आहे, यंदा फार खवळलंय.”

बसयूनीने वस्तरा बाजूला ठेवला. सलूनमध्ये चौघे बसले होते, पण त्याने आवाज खाली केला नाही.

“रक्त पडतं का?”

शिहाता हसला. मग हसायचा थांबला आणि आरशात बघत राहिला.

बसयूनीने त्याच्या गळ्याभोवतीचं कापड सोडलं.

“ऊठ. आधी इस्पितळ. उरलेली दाढी तिथून आल्यावर.”