ड्रायव्हरकडची बाजू

पिकअपकाकांच्या ट्रककडे पाहून कोणी 'किती छान जपलाय' म्हटलं, की ते तिथल्या तिथे दुरुस्ती करत. "जपायला ते काय लोणचं आहे? बदललाय." टेक्सासमधल्या प्लेनो गावी, पेट्रोल भरताना अनोळखी अमेरिकन माणूस हेच बोलला, तर दुरुस्ती इंग्रजीत होई आणि लोणचं वगळलं जाई. मग ते बॉनेट उघडत. कौतुक करणाऱ्याची पंधरा मिनिटं तरी जात.

ट्रक साठच्या दशकातला, फिकट हिरवा, गोल दिव्यांचा. पत्रा मूळचा होता. बाकी जवळपास काहीच नाही. इंजिन अलीकडचं, कॉम्प्युटरच्या हुकमात चालणारं. चारही चाकांना डिस्क ब्रेक. टेक्सासच्या उन्हाळ्यासाठी एसी, त्याच्या जाळ्या डॅशबोर्डखाली लपवलेल्या. जुन्या रेडिओच्या बटणांमागे ब्लूटूथ. नवीन वस्तू डोळ्यांना दिसली तर काम फसलं, असं ते मानत. "दिसायला आजोबा, पळायला नातू," हे त्यांचं वर्णन.

काका नागपूरचे. तिशीत अमेरिकेत आले, एका टेलिफोन कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याची नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर महिन्याभरात ओक्लाहोमातल्या एका शेतावरून हा ट्रक दोरखंडाने ओढून आणला. तेव्हा त्यात कोंबड्या राहत होत्या. शकूकाकू पाहुण्यांना सांगत, "मला बघायला आले तेव्हा यांनी माझ्याकडे इतकं निरखून पाहिलं नव्हतं." काका त्यावर म्हणत की, तेव्हा समोर तिचे वडील बसले होते.

गावात पिकअप असणाऱ्या माणसाला फोन फार येतात. कोणाचा सोफा, कोणाचा फ्रिज. काका नाही म्हणत नसत, पण आधी मागे घोंगडी अंथरावी लागे आणि ती तेच अंथरत. एका वर्षी मंडळाच्या गणपतीचं मखर त्यांनी ताशी वीस मैलांनी, हायवे टाळून, आतल्या रस्त्यांनी आणलं. मागून गाडीत येणाऱ्या अध्यक्षांनी दोनदा हॉर्न दिला. सिग्नलला काकांनी काच खाली करून विचारलं, "गणपतीला घाई नाही, तुला काहून?"

मंडळातल्या ओळखीने मी शनिवारी सकाळी त्यांच्या गराजमध्ये टॉर्च धरायला जात असे. तिथे त्यांची कामाची एक पद्धत पाहिली. ट्रकमधल्या प्रत्येक वायरला ते पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा गुंडाळत आणि त्यावर मराठीत लिहीत. भोंगा. पंखा. पुसणी. मागचा दिवा, ड्रायव्हरकडचा. मागचा दिवा, पलीकडचा. वहीत का नाही लिहीत, असं विचारल्यावर म्हणाले, "वही हरवते. वायर कुठे जात नाही." मराठीत का, यावर त्यांचं उत्तर होतं की वाचणार तेच आहेत.

ते अर्धंच खरं होतं. तोवर शकूकाकूंना जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगी मीरा फिजिओथेरपिस्ट. काकू गेल्यावर तिने डॅलसमधलं अपार्टमेंट सोडलं आणि वडिलांकडे राहायला आली. तिचा जन्म इथलाच. मराठी तिला स्वयंपाकघरापुरती येई, आणि वडील-मुलगी तिच्या शाळेपासून एकमेकांशी इंग्रजीतच बोलत. घरातली मराठी काका-काकूंमध्ये होती. एक माणूस गेल्यावर ती बंद झाली. उरली ती शनिवारचे दोन तास माझ्याशी, आणि चिकटपट्टीवर.

पुढच्या वर्षी, ट्रकचा डॅशबोर्ड उघडा आणि वायरी बाहेर लोंबत असताना, काकांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. महिन्याभराने घरी आले तेव्हा 'ओके' हा एकच शब्द उरला होता, आणि तो प्रत्येक प्रश्नाला सारखाच मिळे. वाचा-उपचार करणारी बाई आठवड्यातून दोनदा येऊन चित्रं दाखवी, इंग्रजीत प्रश्न विचारी आणि कोरे रकाने घेऊन जाई. मी भेटायला जात होतो. मीरा समोर असे, म्हणून शिष्टाचाराने मीही इंग्रजीतच बोलत होतो. हे मला कित्येक आठवडे खटकलं नाही.

प्रश्न आता असा होता की, काकांना बोलता येत नाही, की कळतच नाही. कळत असेल तर त्यांना घरी ठेवायचं, असं मीराने ठरवलं होतं. कळत नसेल, तर स्मृती गेलेल्या वृद्धांना सांभाळणाऱ्या एका केंद्रात जागा होती. तिथला फॉर्म तिने भरून ठेवला होता. सही तेवढी राहिली होती.

ट्रक तरी पूर्ण करावा म्हणून तिने रे नावाच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकला बोलावलं. पट्ट्या त्याला वाचता येईनात, म्हणून मला फोन आला. मी एकेक पट्टी वाचून इंग्रजीत सांगत गेलो, तो जोडत गेला. संध्याकाळी त्याने डावा सिग्नल दिला आणि उजवा दिवा लागला. मागचे, पुढचे, दारांची कुलुपं, सगळं उलट. रेने शांतपणे जोड बदलले. त्याचं काम झालं. हत्यारं आवरताना तो सहज म्हणाला की, आपल्याच ट्रकच्या बाजू ज्याला कळेनाशा झाल्या, त्या माणसाचं डोकं आजाराच्या आधीपासूनच भरकटलेलं असणार. हे मीराने ऐकलं. रे गेल्यावर ती ट्रकला टेकली. मग म्हणाली, सोमवारी सही करते.

मी एका वायरवरची पट्टी पुन्हा वाचली. मागचा दिवा, ड्रायव्हरकडचा. मग मीराला म्हटलं, त्यांना इथे आण आणि एक प्रश्न विचार, पण मराठीत. तिने कारण विचारलं. मला अजून खात्री नाही, असं मी सांगितलं.

चाकांच्या खुर्चीतून तिने काकांना ट्रकसमोर आणलं. वाक्य तिने मनात जुळवलं आणि विचारलं, "बाबा, ड्रायव्हर कुठे बसते?"

काका म्हणाले, "बसतो."

मीराला आधी कळलं नाही की ही व्याकरणाची चूक दाखवली गेली आहे. तिने सुधारून पुन्हा विचारलं. काकांनी डावा हात उचलला आणि ट्रकच्या उजव्या सीटकडे बोट केलं. स्टिअरिंग डावीकडे होतं, अमेरिकेत असतं तसं. मीराने मान फिरवली. काका मात्र बघत राहिले. आपलं बोट, मग स्टिअरिंग, मग पुन्हा बोट. त्यांच्या तोंडाची डावी बाजू हलली. ते हसू होतं.

"नागपूर," ते म्हणाले.

मीराने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं: ते गाडी चालवायला शिकले तिथे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. ही चूक इंग्रजीत त्यांच्याकडून झाली नसती. पट्ट्या ते मराठीत लिहीत होते, आणि त्यांच्या मराठीतला ड्रायव्हर कधी अमेरिकेला आलाच नव्हता. रेला सांगताना मी भाषांतर केलं, ते बाजूसकट करायला हवं होतं.

सोमवारी सही झाली नाही. वाचा-उपचारांची चित्रं तीच राहिली, प्रश्न मीरा मराठीत विचारू लागली. अवघड शब्दांसाठी मला फोन येई. कोपराला काय म्हणतात, चिमट्याला काय म्हणतात. शब्दांची लिंगं ती चुकवी, काका ती सुधारत, आणि कधीकधी दिवसभराचं त्यांचं बोलणं तेवढंच असे. वर्षभरात त्यांचे साठेक शब्द परत आले. इंग्रजी आलं नाही. रविवारी ती त्यांना ट्रकमधून इंडियन ग्रोसरीपर्यंत नेई. ब्रेक उशिरा दाबला की उजव्या सीटवरून शब्द येई: "आधी."

दुसऱ्या झटक्यानंतर ते चार दिवस होते. त्यांच्या इच्छेप्रमाणे घरीच. अंत्यसंस्कारानंतर मीराने मला शेवटच्या दुपारबद्दल सांगितलं. सकाळपासून ती त्यांच्याजवळ बसून होती. त्यांना दुखतंय का, एवढं तिला जाणून घ्यायचं होतं. तिने विचारलं, आणि काही चुकलं तर ते सुधारतील म्हणून थांबली. त्यांनी काही सुधारलं नाही. हे सगळं ती इंग्रजीत सांगत होती. त्यांनी जे उत्तर दिलं, ते मात्र तिने जसंच्या तसं सांगितलं.

"नाही. तू जेव."