तिसऱ्या ओळीतल्या जर्दाळूची थंडी

समजा, मार्चअखेरची पहाट आहे, पारा उणे तीनवर, आणि तुम्हाला जर्दाळूच्या झाडावरून वीस कळ्या खुडायच्या आहेत. जाड हातमोज्यांत कळी चिमटीत येत नाही, पातळ घातले तर बोटं बधिर होतात. खुडलेली कळी लगेच द्रवरूप नायट्रोजनच्या डब्यात टाकायची. जरा ऊब लागली, की थंडीत कळीच्या आत कोणती जनुकं जागी होती याची नोंद बिघडलीच.

मालात्याच्या आमच्या फळ संशोधन केंद्रात हे काम नेझाहतताई करतात. एकोणीस वर्षं.

त्यांचा जीव सध्या एकाच झाडात अडकलाय. हायरेत्तिनकाकांच्या बागेतलं, तिसऱ्या ओळीतलं. आठ वर्षांपूर्वीच्या मोठ्या कडाक्यात गावाचा सगळा मोहर जळाला, हे एकटं लगडलं. ताईंना वाटतं, थंडी पडताच याची काही जनुकं इतर झाडांच्या आधी कामाला लागतात, पेशींत साखर आणि संरक्षक प्रथिनं वाढवतात, म्हणून कळी गोठत नाही. तसं सिद्ध झालं तर याची कलमं जिल्हाभर जातील. पण गेली दोन वर्षं तपासणीत जनुकं झोपलेलीच. केंद्राचे साहेब म्हणाले, "नेझाहत, तुझ्या हातातच ऊब जास्त आहे." यंदाही तसंच आलं तर झाड यादीतून बाद.

म्हणून त्या दिवशी ताई नेहमीपेक्षा तासभर आधी निघाल्या. मागे मी, डबा सांभाळत. बागेत पोचलो तर तिसऱ्या ओळीत ओल्या गवताचा धूर, झाडाखाली निखारे, आणि काका खराट्याने राख ओढतायत.

"हे काय चाललंय, काका?"

"अगं, आज इतक्या लवकर? थांब, झालंच. तू यायच्या आत रोज झाडून ठेवतो."

"दर वर्षी शेकोटी लावता?"

"मग? बाकीच्यांना एकेक, तुझ्या झाडाला तीन. केंद्राचं झाड गारठलं तर गावाची अब्रू जाईल!"

"मला ते गारठलेलंच हवं होतं!"

"म्हणजे बिचाऱ्याला थंडीत उभं करायचं आणि किती कुडकुडतंय ते मोजायचं? दया नाही गं तुला, पोरी."

ताईंनी खुडणीची कात्री गवतात फेकली. मग स्वतःवरच वैतागल्या. तापमापक दोन्ही वर्षं कुंपणाच्या खांबावर टांगला होता, झाडावर नाही.

"उद्याही कडाका आहे. उद्या याच्याखाली काडीसुद्धा पेटवायची नाही."

"आणि मोहर गेला तर?"

"तर मला शिव्या घाला."

"त्या आत्ताच घालतो. आधी चहा घे."

ताई पेला हातात घेऊन झाडाकडे बघत राहिल्या. चहा निवला.

"काका, त्या मोठ्या कडाक्यात याच्याखाली शेकोटी होती का? तेव्हाही उबेनेच वाचलं असेल, तर याच्यात खास काहीच नाही."

"मला काय ठाऊक? मी कंबर मोडून दवाखान्यात पडलो होतो. बाग गुलिझार बघायची."

गुलिझारकाकूंना जाऊन सहा वर्षं झाली. तरीही ताईंनी कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याला हाक मारली. तो डोळे चोळत बाहेर आला.

"त्या वर्षी इथून धूर निघताना पाहिला होतात का हो?"