खासदाराचा राजीनामा
मतदारसंघांची फेररचना चालू होती त्या वर्षांत मी जयपूरला पीएच.डी. करत होते. विषय होता लोकसभेतलं राजस्थानचं प्रतिनिधित्व, पहिल्या निवडणुकीपासून. नवऱ्याची बँकेतली बदली, शास्त्री नगरातलं भाड्याचं घर आणि मी नागपूरची, हिंदी तर आपल्याला येतेच या तोऱ्यात.

प्रबंध विद्यापीठात पोचला होता, तोंडी परीक्षेला चार दिवस उरले होते. तेवढ्यात शेजारच्या भाभीजी पेढे घेऊन आल्या. थोरल्या दिरांशी भिंतीवरून त्यांची वर्षानुवर्षं कोर्टबाजी चाललेली. "राजीनामा हो गया!" म्हणाल्या.

"किसने नौकरी छोड़ी?" मी विचारलं.

त्या पोट धरून हसल्या. "अरे, राजीनामा मतलब समझौता. नौकरी छोड़ें तो इस्तीफ़ा."

मीही हसले. मग एकदम माझं चौथं प्रकरण आठवलं.

राजा पार्कात राहणाऱ्या एका वृद्ध माजी खासदारांवर ते अख्खं उभं होतं. त्यांच्या भागातली गावं धरणात जाणार होती, तेव्हा ते सभागृहात स्वतःच्याच पक्षाविरुद्ध बोलले होते. मुलाखतीत हे सांगून "फिर राजीनामा हो गया" एवढंच म्हणाले आणि गप्प झाले. मला वाटलं, गहिवरले. घरी येऊन मी ऐटीत लिहिलं: आपल्या माणसांसाठी खासदारकी सोडणारा एकमेव माणूस. लोकसभा सदस्यांची जुनी यादी उघडली असती तर ते मुदत संपेपर्यंत खासदार होते हे पाच मिनिटांत कळलं असतं. उघडली नाही, कारण गोष्ट मला फार आवडली होती.

दोन दिवस तेच प्रकरण उघडून बसले. परीक्षक विचारतील का, पदवी अडकेल का, हेच डोक्यात. नवरा म्हणाला, "कोणाच्या लक्षात येतंय? गप्प बस." मी त्याच्यावर खेकसले, कारण माझ्याही मनात तेच होतं. शुद्धिपत्र जोडता येत होतं, पण मग त्या प्रकरणात उरत काय होतं? शिवाय नव्या रचनेत त्या माणसाच्या मतदारसंघाचं नावही जायचं होतं. पुढे कोणी त्यांना शोधलंच, तर माझ्या प्रबंधात शोधणार, आणि तिथे खोटं.

शेवटी माझी प्रत घेऊन रिक्षाने राजा पार्क गाठलं. ते व्हरांड्यात बसले होते.

"बाऊजी, मुझसे ग़लती हो गई," म्हणत मी ते वाक्य त्यांना वाचून दाखवलं. आता ओरडतील, असं वाटत होतं.

त्यांनी ते वाक्य पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "इस्तीफ़ा लिखा था, बेटा. तीन दिन जेब में रहा. फिर दिल्ली से बुलावा आया, बात हो गई."

मला हुरूप आला, आज त्याची लाज वाटते. "तो इतना रख दूँ? कि आपने लिखा था?"

"गाँव तो डूब गए ना?" ते म्हणाले. "काट दीजिए."

मी पेनने बारीक रेघ मारली. खालची अक्षरं स्पष्ट दिसत होती. ते पुढे वाकले, चष्मा लावून त्यांनी पान पाहिलं.

"पूरा काटिए," म्हणाले.