कामाले गेट पाहिजे

रायपुरातल्या भनपुरीच्या आमच्या विहारात माइक माझ्या हातात असतो. रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात माझा जन्म गेला. तिथल्या ठोकाठोकीत बोलून बोलून आवाज असा झाला, की खरं तर मला माइक लागतच नाही. पण पोरं म्हणतात, गंगाधर काका, हातात असू द्या, बरा दिसतो.

दर बुद्धपौर्णिमेला वंदना झाली, खीर वाटून झाली, की वर्षभरात ज्यांना नोकरी लागली त्यांचा मी सत्कार करतो. सरकारी नोकरीला शाल आणि ग्रंथ, खासगी नोकरीला पुष्पगुच्छ. ज्याचा सत्कार, त्यानं माइकवर स्वतः सांगायचं, नोकरी कुठे लागली आणि काम काय. धंदा करणाऱ्याला मात्र काही नाही. त्यांचा सत्कार गिऱ्हाइकं करतात, असं आमच्या समितीचं मत. म्हणजे मत माझंच, समितीनं मान हलवली होती.

या नियमाची पार वाट लावली ती धर्मपालच्या रीनानं.

धर्मपाल माझा शेजारी, भिंतीला भिंत. सिलतऱ्याच्या एका लोखंड कारखान्यात वेल्डर. मूळचा भंडाऱ्याकडचा. तरुणपणी इकडे आला आणि केस पिकायला लागेपर्यंत ठेकेदाराकडेच राबला. रोज सकाळी गेटबाहेर उभं राहायचं, मुकादम बोट दाखवील तो आत, बाकीचे घरी. पुढे तो पर्मनंट झाला, पास मिळाला, तेव्हा त्यानं तो पास आधी बायकोच्या, भीमाबाईंच्या गळ्यात घालून पाहिला होता. तेव्हापासून त्याचं एकच तत्त्वज्ञान. कामाले गेट पाहिजे. गेटातून आत गेलं ते काम, बाकी सगळा टाइमपास. घरासमोरचं लोखंडी गेटही त्यानं स्वतः वेल्ड केलंय, आणि ते इतकं भक्कम, की आत राजवाडा असावा असं वाटतं. आत दोन खोल्या आणि ओसरी.

अशा बापाच्या पोटी ही रीना. विद्यापीठात एम.कॉम. करायची आणि घरात बसून दुकानांची ऑनलाइन मार्केटिंग. सुरुवात झाली रिंग रोडवरच्या सरदारजींपासून. त्यांचं ट्रक सजवायच्या सामानाचं दुकान. गोंडे, घुंगरं, परांदे, आरशाच्या पट्ट्या. रीना तिथे सायकलीला लावायला एक गोंडा घ्यायला गेली आणि दुकानाचा व्हिडिओ करून आली. तो लोकांनी इतका पाहिला, की पंधरवड्यात केरळहून एका माणसाचा फोन आला. त्याला तसले गोंडे स्कूटरला हवे होते. सरदारजींना मल्याळम येत नव्हतं आणि त्या माणसाला हिंदी, तरी सौदा झाला. मग टायरवाले आले, शंकर नगरची ब्लाउज शिवणारी बाई आली, एक दातांचा डॉक्टर आला. हिचे दोन्ही मोबाईल दिवसभर टुंग टुंग करायचे.

अभ्यास आणि धंदा ही दोन्ही भांडी एकाच चुलीवर. एकदा तर कहर झाला. दिवाळीच्या गर्दीतच कॉलेजची चाचणी आली. रीना रात्री ऑर्डरींना उत्तरं देऊन सकाळी पेपरला बसली. उत्तर बरोबर लिहिलं, आणि खाली सवयीनं लिहून आली, ‘अधिक जानकारी के लिए व्हाट्सऐप करें’. वर नंबरही दिला. तिच्या अनुश्री मॅडमनी खरंच त्या नंबरवर मेसेज केला, ‘उद्या येऊन भेट.’ पोरीच्या पाचावर धारण बसली. पण मॅडम शंकर नगरच्या, त्या ब्लाउज शिवणारीचं ऑनलाइन पान त्यांच्या नेहमीच्या पाहण्यातलं, आणि त्यावरही हाच नंबर. त्या पोट धरून हसल्या आणि म्हणाल्या, “लपवतेस कशाला? यावरच प्रबंध लिही. भनपुरीची दुकानं ऑनलाइन कशी आली, हाच विषय घे.” तेव्हापासून चुलीवरची दोन भांडी एक झाली आणि पोरीच्या जिवाला थारा मिळाला.

मग कॉलेजात पुण्याची एक मोठी कंपनी आली आणि रीनाची निवड झाली. काम हेच, मार्केटिंगचं. बातमी कळली त्या संध्याकाळी धर्मपालनं तिला विचारलं, “कंपनीले गेट आहे ना?”

“आहे बाबा. काचेचं आहे.”

“काचेचं तं काचेचं. मंग जातं ना?”

“पाहू,” रीना म्हणाली.

आता आमच्याकडे पोरगी ‘पाहू’ म्हणाली तर आईला कळतं की नाही म्हणते आहे, आणि बापाला वाटतं की हो म्हणते आहे. धर्मपालनं पेढे वाटले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसा दुसऱ्या दिवशी शहरात जाऊन चाकं असलेली लाल सूटकेस घेऊन आला. गल्लीच्या तोंडापासून घरापर्यंत ती ओढत आणली, मुद्दाम, लोकांना दिसावी म्हणून. आणि माझ्याकडे येऊन म्हणाला, “काका, पौर्णिमेले रीनाचं नाव घ्या. खासगी आहे, पण फुलं मोठी आणजा.”

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी रीना माझ्या ओसरीवर येऊन बसली. मला ती नेहमी हिंदीत उत्तर देते. मराठीत बोलली म्हणजे प्रकरण गंभीर.

“काका, माझं नाव काढा. मी पुण्याले नाही म्हणून कळवलं.”

“कधी?”

“झाले चार-पाच दिवस. मले इथंच आपलं काम वाढवायचं आहे. तिथं शंभर जणांत बसून साबणाच्या जाहिराती करीन, आणि इथं सरदारजी फोटोची वाट पाहून राहिले. मले जावंसंच वाटत नाही, काका.”

“धर्मपालले सांगतलं?”

“कसं सांगू? रोज सांगाले जातो, तं ते सूटकेस पुसून राहते.”

मला हसू आलं आणि रागही आला. मी स्पष्ट सांगितलं, “नाव तुझ्या बापानं दिलं, तोच काढंल. मी मधात पडत नाही. आज रात्री सांग त्याले.” ती हव म्हणाली आणि गेली. बाप तिच्या ‘पाहू’मध्ये अडकला होता आणि ती बापाच्या सूटकेसमध्ये. रात्रीही तिनं ब्र काढला नाही, हे मला सकाळी धर्मपालच्या नव्या कोऱ्या शर्टावरून कळलं.

विहार गच्च भरला होता. पहिला सत्कार यशदीपचा, रेल्वेत लागला. शाल, ग्रंथ, टाळ्या. मग खासगीवाले. त्यात आमच्याच पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या दोन पोरी, पायल आणि यामिनी. दोघींची नावं त्यांच्या आयांनी दिली होती, कंपनीचं नाव सांगितलं होतं ‘पारा मीडिया’. मी म्हटलं असेल कुठेतरी शहरात. पुष्पगुच्छ दिले. धर्मपाल पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता, कारण पुढचा नंबर त्याच्या पोरीचा.

नियमाप्रमाणे मी पायलपुढे माइक धरला. “सांग बाई, कंपनी कुठी आहे?”

“इथंच काका, रीना दीदीच्या घरी.”

मी माइककडे पाहिलं, मग पायलकडे. “आणि काम काय?”

“मी फोटो काढते, ये यामिनी ऑर्डर देखती है. दीदी महिन्याच्या महिन्याला पगार देते.”

धर्मपालच्या टाळ्या हवेतच थांबल्या. बायकांच्या रांगेत खुसखुस सुरू झाली. मी घाईघाईनं रीनाचं नाव घेतलं, आणि ती आली. पायात चप्पल नव्हती, ओढणी एका बाजूला लोंबत होती, पण आवाज ठीक होता.

“मी पुण्याची नोकरी घेतली नाही,” ती म्हणाली. “इथंच आपलं काम चालवणार आहे. बाबा, मले तुम्हाले घरीच सांगायचं होतं. पण तुम्ही सूटकेस घेऊन आले.”

सगळा विहार हसला. धर्मपाल नाही हसला. तो उभा राहिला.

“मंग ह्या दोघी रोज घरी येत होत्या, त्या अभ्यासाले नव्हत्या येत?”

“नाही बाबा. ड्यूटीले येत होत्या.”

“आपल्या गेटातून?”

“हव. आपल्याच गेटातून.”

धर्मपाल खाली बसला, मग परत उठला, आणि चप्पल शोधून बाहेर पडला. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी आयुष्यात कितीदा वापरली असेल, पण ती अशी चपला घालून निघून जाताना पहिल्यांदाच पाहिली.

रीनाचे डोळे भरून आले. समितीचे गुलाबराव माझ्या कानाशी लागले, “काका, पुष्पगुच्छ देऊ नका. नोकरी नाही, तं सत्कार बसत नाही.” मला अशा वेळी राग आवरत नाही. मी माइकवरच म्हटलं, “गुलाबराव, आताच दोन पोरींले आपण फुलं दिली. ज्या कंपनीत लागल्या म्हणून दिली, ती कंपनी ही उभी आहे.” एका पोराला वनखात्यात ट्रेनिंगला जावं लागल्यानं त्याची शाल तशीच पडून होती. ती मी रीनाच्या खांद्यावर घातली. तो वाद समितीत अजून चालू आहे, आणि मला त्यात मजा येते.

त्यानंतर आठवडाभर धर्मपाल घरात बोलला नाही. कामावर जायचा, यायचा, जेवायचा. शेवटी मीच गेलो. तो गेटला कानस मारत बसला होता.

“रागावला का रे?”

“राग नाही, काका.” तो खालीच पाहत होता. “मी किती वर्षं गेटबाहेर उभा राह्यलो, तुम्हाले माहीत आहे. पोट्टीनं आत बोलावणारं दार परत लावलं. मले झोप येत नाही.”

मी शेजारी टेकलो. कानस खाली ठेवून त्यानं विचारलं, “काका, त्या दोघींले साप्ताहिक सुट्टी देते का ही?”

“तिलेच विचार.”

आणि त्यानं विचारलं. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू आलं. कित्येक दिवसांनी धर्मपाल पोरीशी बोलत होता, पण बापासारखा नाही, तर युनियनच्या माणसासारखा.

“सुट्टी कोणत्या वारी?”

“रविवारी.”

“पगार कोणत्या तारखेले? उशीर होते का?”

“एकदाच झाला, बाबा.”

“एकदा बी काहून झाला? चहा कोण देते?”

“आई देते.”

“आई तुझ्या कंपनीत आहे का? मंग फुकट काहून राबवून राहिली तिले?”

भीमाबाई आतून हसल्या असाव्यात, कारण ताटल्या पडल्याचा आवाज आला. “आणि एवढ्या उन्हाळ्यात त्या पोट्ट्या बिना कूलरच्या बसतात?” धर्मपाल म्हणाला. “आमच्या प्लांटात असतं तं काम बंद पाडलं असतं.”

रायपूरचा मे महिना ज्यानं काढला त्यालाच कूलर म्हणजे काय ते कळेल. दुसऱ्या दिवशी धर्मपालनं आपल्या झोपायच्या खोलीतला कूलर उचलून ओसरीत आणून ठेवला, जिथे पोरी बसतात. स्वतः त्या रात्रीपासून गच्चीवर झोपायला लागला. मला म्हणाला, वर हवा चांगली असते. मेच्या रात्री रायपूरच्या गच्चीवर कसली हवा असते ते मलाही माहीत आहे.

रीना पहिल्या श्रेणीत पास झाली. अनुश्री मॅडम म्हणतात, आता नेट दे, प्राध्यापक हो. रीना त्यांनाही ‘पाहू’ म्हणाली आहे. लाल सूटकेस वाया गेली नाही. यामिनी तिच्यात सरदारजींच्या गोंड्यांची पार्सलं भरते आणि चाकांवर ओढत पोस्टात नेते.

परवाची गोष्ट. मी ओसरीवर पेपर वाचत होतो. धर्मपाल पहिल्या शिफ्टहून आला, डब्याची पिशवी खांद्याला, घामानं भिजलेला. शेजारी पोरींचं काम चाललं होतं. तो दातांचा डॉक्टर आला होता, त्याला आपल्या फोटोत गोरं दिसायचं होतं आणि रीना त्याला पटवत होती की दात पांढरे पुरेत. धर्मपाल गेटापाशी थांबला. स्वतः कापलेल्या, स्वतः जोडलेल्या लोखंडावर त्यानं हात ठेवला, पण ढकललं नाही. कडी हळूच वाजवली.

रीनानं मान वर केली.

“काम चालू आहे का?” त्यानं बाहेरूनच विचारलं. “मी आत येऊ?”